प्रांतप्रमुखांचं पत्र

पोलिस फाटकाशी आले तेव्हा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आंदोलन करणारी दोनशे मुलं दार लावून बसली होती. त्यांत माझी लेक होती. आणि फाटकात आमचे कुलगुरू एकटेच उभे होते. जेझुइट पंथाचे फादर, अर्थशास्त्राचे प्राध्यापक. काखेत हजेरीपट, कारण कुलगुरू झाले तरी आठचा तास त्यांनी कधी सोडला नाही.

‘माझ्या अंगावरून जावं लागेल,’ असं त्यांनी अधिकाऱ्याला बजावलं. अधिकारी बिचकला. कुलगुरूवर हात टाकायचा तर वरून परवानगी हवी. ती येईपर्यंत मुलं मागच्या भिंतीवरून एकेक करून उतरत होती.

दहाला मागच्या दाराने त्यांच्या मठातला एक ब्रदर आला. मी फादरांची कारकून. त्याने लाख लावलेला लखोटा माझ्या टेबलावर ठेवला.

‘आमच्या पंथाच्या प्रांतप्रमुखांचा हुकूम. फादरांनी पद सोडून आत्ताच्या आत्ता निघायचं. गाडी गल्लीत उभी आहे.’

फादर हलले की फाटक मोकळं, आणि लेक अजून आतच. आज्ञा पाळायची शपथ घेतलेली माणसं ही! इथे ते आले तेही असेच. आधीच्या कॉलेजात तास चालू असताना पत्र आलं, तर फळ्यावरची मागणीची रेषा अर्धी टाकून खडू ठेवला आणि बॅग भरली. का म्हणून विचारलं नाही. प्राध्यापक, प्राचार्य, कुलगुरू, एकही खुर्ची त्यांनी मागितली नाही आणि एकही अडवून धरली नाही.

‘फादर मीटिंगमध्ये आहेत,’ मी म्हटलं. ‘दोनला या.’

‘अहो बाई, फाटकात दिसतायत की ते!’

‘मग जा ना फाटकात. पोलिसांना म्हणावं, जरा सरका.’

ब्रदरने खिडकीतून काठ्या पाहिल्या आणि काढता पाय घेतला. लखोटा मी खणात टाकून कुलूप लावलं.

साडेदहाला परवानगी आली. पहिल्या काठीने चष्मा उडाला. फादर हलेनात, म्हणून गुडघ्यांवर घातल्या. ते कोसळले, पण फाटकाचा गज सोडेनात. एकाने बंदुकीच्या दस्त्याने बोटं ठेचली. दुसरा बुटाने तोंडावर लाथा घालत होता. फरशी लाल झाली.

आणि मी? मी मागच्या खिडकीत जाऊन भिंतीकडे बघत होते. लाज वाटते, पण खरं तेच सांगते. लेक भिंतीवर चढली, पलीकडे उडी टाकली, तेव्हा मी पुढे धावले आणि किंचाळले, ‘हलकटांनो, मरतील ते!’ त्याआधी का नाही किंचाळलीस, हे मला कुणी विचारू नये.

फादर वाचले. एक डोळा गेला, जबडा तारेने बांधला. बाराव्या दिवशी दवाखान्यात मी ते पत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग डाव्या हाताने वहीत लिहिलं : ‘कदाचित मी नाही म्हटलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा. आता ते मला कधीच कळणार नाही.’

‘मला माहीत आहे, फादर. तुम्ही गेला असतात,’ मी म्हटलं. ‘पुन्हा असं पत्र आलं तर पुन्हा लपवीन.’

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. माफी त्यांनी दिली नाही, मी मागितलीही नाही. जिन्यात आल्यावर मात्र मी पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडले.