नायलॉनवरची गाठ

मेव्हण्याचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले होते. रामू म्हणजे माझ्या बहिणीचा, शेवंतीचा नवरा. गोदीत कामाला. कुठल्याशा बोटीवरच्या खलाशाकडून त्याने नायलॉनची दोरी आणली आणि आमच्या बाबांनी आपली जुनी सुती दोरी खुंटीला टांगली, ती कायमचीच.

दर रविवारी शिवडीच्या बंदरावर गळ टाकल्याशिवाय बाबांना चैन पडत नाही. डोळे अधू झाल्यापासून गरी, म्हणजे माशाचा आकडा, बांधलेला दोरीचा तुकडा लांब दोरीला जोडून देणं माझं काम. मी परळच्या गिरणीत साच्यावर कापड विणतो. तुटलेला धागा दोन बोटांत जोडतो, अख्ख्या खात्यात माझ्या गाठीला तोड नाही. पण आता बाबा रामूची वाट बघत बसायचे. तो दोऱ्यांना एकमेकींभोवती वेढे देऊन, थुंकी लावून, कचकन ओढायचा. बाबा ती गाठ बोटांनी चाचपून खूश! माझा नुसता जळफळाट व्हायचा. बापाच्या दोरीला गाठ मुलाने मारायची की जावयाने?

मग संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात रामूला पोलिसांनी पकडलं. शेवंती रडली. मीही तोंडदेखलं हळहळलो आणि रविवारी बाबांच्या आधी तयार होऊन बसलो.

बंदरावर मी ऐटीत माझी गिरणीतली गाठ मारली. बाबांनी ती चाचपली, पुन्हा एकदा चाचपली आणि गळ टाकला.

भरतीला मासा लागला. दोरी अशी ताणली की बाबा उठून उभेच राहिले. चांगलाच मोठा असणार. मी ओरडलो, "ओढा, बाबा!" त्यांनी ओढलं आणि दोरी एकदम सैल पडली. वर आली ती नुसतीच. गरी गेली, मासा गेला. दोरी कुठे तुटली नव्हती. गाठच सरकली होती.

"नायलॉन गुळगुळीत," बाबा म्हणाले. "सुताची गाठ तेच्यार धरणा नाय. रामून माका सांगल्यान होता."

"मगे बोललात कित्याक नाय?"

"तू येवढ्या हौशेन मारलस. आसांदे."

रागाचा एक शब्द नाही. घरी येईपर्यंत माझ्याशी गिरणीच्या गप्पा मारत होते.

दोन दिवसांनी रामू सुटला. सगळी चाळ गोळा झाली. तो पाया पडायला वाकला, तशी बाबांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "मेल्या! माका न सांगता तुरुंगात जातस? माझो रविवार फुकट घालवलस, गाढवा!"

सगळे हसले. रामू तर डोळे पुसत हसला.

मी दारात उभा होतो. मासा घालवला मी, आणि शिव्यासुद्धा मिळाल्या त्या रामूलाच.