पत्र्याखालचा मांडव

मी एक मांडव आहे मित्रांनो, पण लग्नाचा नव्हे, वेलीचा. गारखेड्यातल्या एका घराच्या परसात चार लोखंडी पायांवर उभा आहे.

मला मुंजाबांनी करवून घेतलं. त्यांनी तीस वर्षं बिअरच्या कारखान्यात, हॉप्सच्या गोदामात काम केलं होतं. हॉप्स म्हणजे बिअरला कडवट चव आणणारी, बोंडांसारखी हिरवी फुलं. गोदामात ती सुकलेलीच यायची. ती ज्या वेलीला लागतात, ती वेल मुंजाबांनी कधीच पाहिली नव्हती. निवृत्त झाल्यावर त्यांनी थंड डोंगरी मुलखातून तिचं मूळ मागवलं. इथल्या उन्हात ती जगायची नाही, असं सगळे म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही.

उस्मानपुऱ्यातल्या सांडू वेल्डरनं मला जोडलं. मुंजाबांनी माझे पाय दोन-दोन फूट खोल काँक्रीटमध्ये रोवले, काथ्याच्या दोऱ्या ताणून बांधल्या आणि मला स्वतः लोंबकळून पाहिलं. मी हललो नाही. मला फार अभिमान वाटला.

पहिल्या वर्षी वेल कमरेएवढी झाली. दुसऱ्या वर्षी माझ्या माथ्याला पोचली आणि तिला सात बोंडं लागली. मुंजाबांनी एक चुरगाळून बायकोच्या, म्हाळसाबाईंच्या नाकाशी धरलं. तुमच्या सदऱ्याला तीस वर्षं हाच वास होता, असं त्या हसून म्हणाल्या.

त्याच हिवाळ्यात मुंजाबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्यांची खाट मागच्या खोलीत खिडकीशी टाकली. वेलही तेव्हा जमिनीपर्यंत वाळली. ती दर हिवाळ्यात वरून वाळते आणि मुळाशी जिवंत राहते, हे घरात एकट्या मुंजाबांना ठाऊक होतं. त्यांच्या मुलानं, बिरूनं वेल मेली समजून जमिनीलगत छाटली, दोऱ्या कापल्या, माझ्यावर पत्रे ठोकले आणि खाली मोटारसायकल लावली.

फाल्गुनात चाकामागं एक कोंब फुटला. अंधारात पांढराफटक पडलेला. तो आधार चाचपडत होता आणि मला बोटभरही वाकता येत नव्हतं. काँक्रीटनं मला जखडून ठेवलं होतं. खिडकीतून मुंजाबा डाव्या हातानं सारखी खूण करत. बिरू पाणी आणून पाजी. ते पुन्हा हात उचलत. ऊन लागत असेल, असं वाटून एके दिवशी त्यानं खिडकीच लावून घेतली. आत मुंजाबांचं हुंदके देणं मला ऐकू येत राहिलं.

दुसऱ्या सकाळी म्हाळसाबाईंनी खिडकी उघडली. काही न विचारता त्या खाटेवर टेकल्या आणि नवऱ्याच्या उशीवर डोकं ठेवून बाहेर बघत राहिल्या. मग त्यांनी मुलाला बोलावलं.

"बिरू, त्यांना पाणी नको होतं. इथं डोकं ठेव आन् बघ."

बिरू वाकला. उशीवरून थेट चाकामागचा कोंब दिसत होता. "वेल जिती हाय, माय," एवढंच बोलला.

दिवस मावळायच्या आत पत्रे उतरले. नव्या दोऱ्या बिरूनंच बांधल्या.

मुंजाबांची वाचा परत आली नाही. यंदा बोंडं लागतील की नाही, तेही मला माहीत नाही. कोंब मात्र हिरवा होऊन दोरीला चढलाय. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर उभ्या उभ्या अंदाज बांधू नका. घटकाभर त्यांच्याशेजारी आडवे व्हा आणि तिथून काय दिसतं ते पाहा.