पावसाच्या पाण्याची गारगोटी

मित्रांनो, मी एक जुनी गारगोटी आहे. खिडकीच्या कट्ट्यावर पडलेली दिसते म्हणून मला काचेचा तुकडा समजू नका.

माझा जन्म ज्वालामुखीच्या खडकात झाला. लाव्ह्याचे थर थंड झाले, त्यांना भेगा पडल्या आणि भेगांतून पावसाचं पाणी खोल मुरत गेलं. खाली खडक अजून धगधगत होता. त्या कढत पाण्यात खडकातली सिलिका विरघळली आणि एका पोकळीत कणाकणाने माझं अंग घडत गेलं. याला किती काळ लागला, कोण जाणे! काळोखात काळ मोजायचा तरी कशाने?

मला बाहेर काढलं ते एका भूशास्त्रज्ञ बाईंनी. सोबत त्यांची शाळकरी मुलगी होती. मला पदराने पुसत त्या म्हणाल्या, "बघ गं, किती नितळ आहे!" मुलीने मला गालाला लावून पाहिलं. इतका उबदार स्पर्श मला पुन्हा मिळाला नाही.

पुढे बाईंचं मोठं नाव झालं. अशा गारगोट्या वितळलेल्या खडकातूनच निघालेल्या पाण्यापासून बनतात, असं त्यांनी मांडलं आणि ते पुस्तकांत गेलं. मी काचेच्या कपाटात मखमलीवर बसले. पाहुणे आले की बाई माझ्याकडे बोट दाखवत, "हिला पाहूनच मला हे सुचलं." मी पावसाच्या पाण्याची, पण मला कुणी विचारलंच नाही.

विचारलं ते त्या मुलीने. शिकून ती आईच्याच संस्थेत लागली. घरी 'आई' म्हणायची, प्रयोगशाळेत 'मॅडम'. तिथे ऑक्सिजनचे अणू वजनाप्रमाणे वेगळे करणारं यंत्र आलं होतं. मित्रांनो, माझं निम्म्याहून जास्त वजन ऑक्सिजनचंच आहे. त्याचे काही अणू हलके, काही जड असतात. त्यांना समस्थानिकं म्हणतात. वितळलेल्या खडकातून निघालेल्या पाण्यात जड अणूंचा वाटा जास्त असतो, पावसाच्या पाण्यात कमी. ज्या पाण्यात गारगोटी वाढते, त्याची खूण तिच्या अंगात राहते; ती वाचायला ते पाणी किती तापलेलं होतं, तेवढं कळावं लागतं.

मुलीने मला हिऱ्याच्या करवतीने कापलं, माझे कण लेझरने जाळले आणि निघालेला वायू यंत्रात सोडला. उत्तर आलं तेव्हा मला आणि आकडे घेऊन ती बाईंकडे गेली.

"मॅडम, ही पावसाच्या पाण्यातून झालीय."

"तापमान चुकीचं धरलं असशील."

"हिच्या आत पाण्याचे थेंब अडकलेत, त्यांच्यावरून तापमान काढलंय."

"परत मोज."

तिने परत मोजलं. मग बाई म्हणाल्या, यंत्रच बिघडलंय. यंत्र सांभाळणारे काका चिडले. "याला काय धाड भरलीय? माझ्यापेक्षा ठणठणीत आहे!" पुन्हा करवत, पुन्हा लेझर. मी कमी कमी होत गेले, उत्तर तेच राहिलं.

शेवटी बाई प्रयोगशाळेत आल्या आणि स्टुलावर बसल्या. "मी निवृत्तीला आलेय. जन्मभर शिकवलेलं पोटच्या पोरीने खोटं पाडलं, असं लोक म्हणतील. आपल्या शोधनिबंधातून या दगडाचे आकडे गाळ."

"आई, दगड खोटं बोलत नाही गं."

"दगड बोलतच नाही."

मुलगी रडली नाही, भांडलीही नाही. तिने आकडे गाळले. मायलेकींचा निबंध छापून आला, टाळ्या झाल्या, हार पडले. काही दिवसांत मुलीने नोकरी सोडली आणि एका साबणाच्या कारखान्यात पाणी तपासायला गेली.

बऱ्याच वर्षांनी दुसरीकडच्या संशोधकांनी तीच गोष्ट सिद्ध केली. निवृत्तीनंतरही बाईंची संस्थेतली खोली त्यांच्याकडेच होती, आणि मी तिथेच होते. त्या दिवशी मुलगी त्यांना डॉक्टरकडे न्यायला आली, तेव्हा बाई एका वार्ताहराशी फोनवर बोलत होत्या. "हो हो, आम्हाला ते तेव्हाच दिसलं होतं."

मुलगी दारातच थबकली. "आई, तूच गाळायला लावलंस ना?"

बाईंनी फोनवर हात ठेवला. "आता ते उकरून काय मिळणार आहे तुला?"

मुलीने रिक्षा बोलावून दिली, पण त्यात बसली नाही. त्यानंतर ती इकडे फिरकली नाही. बाईंनी खोली सोडताना मानपत्रं नेली, ढाली नेल्या. मला इथेच टाकलं. आता खिडकीच्या कट्ट्यावर नव्या माणसांचे कागद उडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर बसते. त्या कागदांत काय लिहिलंय, काय गाळलंय, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, मला कापलं याचा राग नाही. कापल्याशिवाय मला सांगता आलं नसतं. पण कुणालाही खरं विचारण्याआधी, मग तो दगड असो की घरचं माणूस, नको असलेलं उत्तर ऐकायची तयारी ठेवा. ती नसेल तर करवतीला हात लावू नका. माझे जळालेले कण मला परत नकोत. ती मुलगी तेवढी एकदा या खोलीत यायला हवी होती.