कॅप्टन तोळणुरे यांचे सहा महिने

सिद्धप्पा तोळणुरे आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे, आणि वर्षातला एक महिना व बरेचसे रविवार टेरिटोरियल आर्मीत अधिकारी असायचे. टेरिटोरियल म्हणजे एरवी आपापला नोकरी-धंदा करणाऱ्या आणि ठरल्या दिवशी वर्दी चढवणाऱ्या लोकांची पलटण. पेठेत काहीजण तिला हौशी लष्कर म्हणत. सिद्धप्पांसमोर कोणी म्हणत नसे. एकाहत्तरच्या लढाईत याच लष्करानं चार महिने एका रेल्वेपुलावर पहारा दिला होता आणि तो पूल अजून शाबूत आहे, हे नववीच्या वर्गाला दरवर्षी नद्यांच्या धड्यात ऐकावं लागे.

मी त्या शाळेचा हेडक्लार्क. रजेच्या अर्जात कारण काय लिहिलंय त्यावरून मी माणूस जोखतो. बारा वर्षांत सिद्धप्पांच्या अर्जावर एकदाही पोटदुखी आली नव्हती. एक तर ‘कॅम्प’, नाही तर ‘घरगुती’. असा माणूस सरळ असतो, आणि सरळ माणूस चिडला की फार लांब लिहितो.

चौऱ्याहत्तरच्या नोव्हेंबरात एका मधल्या सुट्टीत त्यांनी माझ्या टेबलावर अकरा फुलस्केप आपटले.

“एकनाथराव, हे टाइप करायचं हाय. तीन प्रती.”

“काय आहे?”

“अपील.”

मी वाचायला घेतलं. सुरुवात चीनच्या लढाईपासून होती. चौथ्या पानावर ते पुलापाशी पोचले आणि सातव्यापर्यंत तिथून हलले नाहीत.

“सर, तक्रार कितव्या पानावर आहे?”

“नवव्या.”

“मग आधीची आठ?”

“पार्श्वभूमी की! वाचणाऱ्याला कळायला नको, मी कोण ते?”

“पगार देतात ते. त्यांना माहीत असेल.”

तक्रार खरी होती. लेफ्टनंटचा कॅप्टन करताना माणूस जिथं नोकरीला आहे तिथल्या मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. आमच्या शाळेनं ते फेब्रुवारीच्या अठ्ठावीसला रजिस्टर पोस्टानं पाठवलं. पलटणीच्या ऑफिसात ते कुठल्याशा फायलीखाली महिनाभर झोपलं आणि एप्रिलच्या नऊला जागं झालं. तोवर एप्रिलची यादी निघून गेली होती. त्यामुळे सिद्धप्पा कॅप्टन झाले ते एक ऑक्टोबरपासून. व्हायला हवे होते एक एप्रिलपासून.

“सहा महिने गेले,” मी म्हटलं. “पण कॅप्टन तर झालात. दुखतंय कुठं?”

त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

“चनमल्लप्पा एप्रिलातच झाला.”

आता माझ्या ध्यानात आलं. चनमल्लप्पा मंगरुळे हा त्यांचा मेहुणा, दाक्षायणीबाईंचा धाकटा भाऊ. दुधनीला तुरीची आणि शेंगांची अडत. अडसष्ट साली सिद्धप्पांनीच त्याला हाताला धरून मुलाखतीला नेलं होतं आणि दोघांना कमिशन एकाच दिवशी मिळालं. बढतीच्या वेळी चनमल्लप्पाला मालकाच्या सहीसाठी कोणाच्या दारात उभं राहायचं नव्हतं. दुकानाचा मालक तोच. त्यानं स्वतःच स्वतःला ना-हरकत दिली आणि त्याच दुपारी पोस्टात टाकली.

“आमचे मेजरसाहेब एप्रिलात जातायत,” सिद्धप्पा म्हणाले. “नवा मेजर यायला वर्ष लागेल. तोवर कंपनी कुणाकडं? सीनिअर कॅप्टनकडं. म्हणजे मे महिन्याच्या कॅम्पात हा खुर्चीवर, आन् मी समोर उभा राहून सल्यूट मारणार. घरात दाजी, दाजी म्हणतो हो मला. माझ्याआधी ताटाला हात लावत न्हाय. त्याला मी सर म्हणू?”

“मुख्याध्यापकांना म्हणताच की.”

“त्यांच्या बहिणीशी लग्न केलेलं न्हाय मी.”

मी टाइपरायटरवर कागद चढवला.

अकरा पानांची दीड पानं करायला मला दोन दिवस लागले, कारण एकेका वाक्यासाठी ते भांडले. पुलाची एक ओळ शेवटी ठेवावी लागली. सोबत मी आमच्या जावक रजिस्टरचा उतारा जोडला, आणि पोस्टाची पोच. पलटणीच्या ऑफिसचा चार मार्चचा शिक्का त्या पोचेवर स्वच्छ उमटला होता. असल्या पोचा मी तारखेवार चिकटवून ठेवतो. इतकी वर्षं शिक्षक त्यावरून हसत आले होते. सिद्धप्पांनी ती बघितली आणि पहिल्यांदाच माझ्यासाठी चहा मागवला.

अपील गेलं. लोक अपील करतात आणि कामाला लागतात; सिद्धप्पांचं तसं झालं नाही. रोज टपाल आलं की वर्ग सोडून माझ्या दारापाशी खोकायचे.

डिसेंबरात एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. शुक्रवार पेठेतलं घर. जाऊन बघतो तर चनमल्लप्पा हजर. दुधनीहून सकाळच्या गाडीनं आलेला, सोबत तूरडाळीचं पोतं. माणूस गोल, हसरा, आवाज बारीक. वर्दीत कसा दिसत असेल याचा मी अंदाज करत होतो, तोच त्यानं स्वतःच विषय काढला.

“दाजी, तुमचं अपील कुटवर आलं?”

सिद्धप्पांचा घास तसाच राहिला. “तुला कुणी सांगितलं?”

“अक्कानं.”

दाक्षायणीबाई कडक भाकरी मोडून ताटात घालत होत्या. “मग काय लपवायचं? दोघंबी माझीच माणसं. एक जिंकला तर दुसरा हरणार, आन् ताट दोघांना मीच वाढणार.”

“व्हावं की मंजूर,” चनमल्लप्पा म्हणाला. “तुमचं पत्र त्यांनीच दाबून ठेवलं. माझी साक्ष पायजे तर सांगा. मी येतो, सांगतो, आमचे दाजी लई हुशार हायत म्हणून.”

“साक्ष नको,” सिद्धप्पा म्हणाले. “चटणी वाढ.”

त्याचं मन साफ होतं. हेच सिद्धप्पांना जास्त जड जात असावं. समोरचा भांडला असता तर बरं झालं असतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लिफाफा आला. सिद्धप्पांनी तो माझ्या टेबलापाशी उभ्या उभ्या फोडला, वाचला, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की स्टाफरूममधून लोक बाहेर आले. अपील मंजूर! ऑफिसची चूक मान्य. बढतीची तारीख एक ऑक्टोबर नव्हे, एक एप्रिल चौऱ्याहत्तर. शिपाई पेढे आणायला पळाला. मुख्याध्यापकांनी हात मिळवला. नववीचा वर्ग सोडून दिला गेला, आणि पुलाचं नाव ज्यांनी कधी काढलं नव्हतं अशा शिक्षकांनीही ते काढलं.

मी मात्र लिफाफ्यातला कागद खालपर्यंत वाचला. माझी सवय आहे. आनंदाची बातमी पहिल्या परिच्छेदात असते आणि अंमलबजावणी दुसऱ्यात. दुसरा परिच्छेद तीन ओळींचा होता. एकाच तारखेचं कमिशन आणि एकाच तारखेची बढती असलेल्या दोन अधिकाऱ्यांत वयानं मोठा तो सीनिअर. सबब कॅप्टन मंगरुळे हे कॅप्टन तोळणुरे यांच्या वर राहतील.

पेढे संपेपर्यंत मी तोंड उघडलं नाही. त्यात माझाही एक पेढा होता, हे मान्य करतो. मग दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवून कागद सिद्धप्पांपुढं धरला.

“मोठा?” सिद्धप्पा ओरडले. “चनमल्ल माझ्यापेक्षा मोठा? अहो, माझ्या लग्नात वरातीपुढं नाचून दमला आन् मांडवातच झोपला. ह्यानं खोटी तारीख दिलीय!”

संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. दाक्षायणीबाईंनी पत्र ऐकलं आणि पदर तोंडाला लावून आधी पोटभर हसून घेतलं.

“खोटं त्यानं न्हाय केलं, मास्तरांनी केलं,” त्या म्हणाल्या. “मी सहा वर्षांची झाले, मला शाळंत घातलं. ह्यो साडेचारचा. माझा परकर सोडंना, दारात लोळून रडायचा. शेवटी अप्पांनी दोघांनाबी नेऊन बसवलं. त्या वक्ताला डोक्यावरनं हात घेऊन दुसऱ्या बाजूचा कान पकडायला लावायचे. कान हाताला लागला की सहा वर्षं झाली. ह्यानं मान अशी वाकडी केली की कान खांद्याला टेकला. मास्तर म्हणाले, पोचला. आन् दोघांची तारीख घातली एक जून सदतीस.”

“म्हणजे कागदावर तुम्ही जुळी भावंडं,” मी म्हटलं.

“व्हय की. एकाच टाकातनं जल्मलो.”

“आन् ह्यांची तारीख?” दाक्षायणीबाईंनीच विचारलं.

मला ती पाठ होती. सिद्धप्पा तोळणूरला आठ वर्षांचे होईस्तोवर म्हशी राखत होते. शाळेत नेलं तेव्हा मास्तरांनी वय विचारलं, वडिलांनी हवेत हात उंच करून दाखवला, आणि मास्तरांनी शाळेत येणारा प्रत्येक मुलगा सहाच वर्षांचा असतो या नियमानं लिहिलं: एक जून अडतीस.

दाक्षायणीबाई बोटांवर मोजत होत्या. “थांबा हं. म्हणजे मी ह्यांच्यापेक्षा वर्षानं थोरली?”

“कागदावर.”

“अगं बाई!” त्या नवऱ्याकडं वळल्या. “मग एवढी वर्षं मी कशाला ऐकून घेत होते?”

सिद्धप्पांना हसू आलं नाही. “मी छत्तीसचा हाय, हे सिद्ध करतो. दुसरं अपील. एकनाथराव, कागद घ्या.”

मी कागद घेतला, पण अपील लिहिलं नाही. मधोमध उभी रेघ मारली. डावीकडं लिहिलं: एका कॅम्पाची खुर्ची, जास्तीत जास्त वर्षभर. उजवीकडं लिहिलं: लष्करात तुम्ही छत्तीसचे झालात की शाळेतही छत्तीसचेच. शाळा अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी पाठवते. शहाण्णवऐवजी चौऱ्याण्णवला. दोन वर्षांची नोकरी गेली.

त्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरला. डावी बाजू लहान होती, पण त्यांची नजर तिथंच अडकत होती.

पुढच्या रविवारी चनमल्लप्पा आला. त्याला अक्कानं पत्र लिहून सगळं कळवलं होतं. तो उंबऱ्यातूनच बोलायला लागला. “दाजी, तुमी कशाला मोठं होताय? मीच लहान होतो. लिहून देतो की माझं साल चुकलंय. मला काय, दुकान थोडंच अठ्ठावन्नला घरी बसवणार हाय? सही कुटं करायची तेवढं दाखवा.”

खिशातून त्यानं पेनही काढलं. सिद्धप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी जे होतं ते सांगितलं: चालेल कदाचित, पण कमिशन घेताना दिलेली तारीख चुकीची होती, असं अधिकाऱ्यानंच लिहून दिल्यावर चौकशी लागणार. वर्दी राहते की जाते, हे मी सांगू शकत नाही.

“गेली तर गेली,” चनमल्लप्पा म्हणाला. पण बोलताना पेनाचं टोपण काढायचं त्याला सुधरेना. पलटणीचा महिना हाच त्याच्या वर्षातला एक महिना होता, ज्यात त्याला कोणी तुरीचा भाव विचारत नसे.

सिद्धप्पांनी त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि परत त्याच्याच खिशाला अडकवलं.

“माझे सहा महिने मी मागितले, मिळाले. तुझं काय हाय ते काढून घ्यायला मी अपील केलं नव्हतं.”

हे शंभर टक्के खरं नव्हतं. अपील नेमकं त्यासाठीच होतं; मला, दाक्षायणीबाईंना आणि त्या अकरा फुलस्केपांना ते पक्कं ठाऊक होतं. पण माणसानं आपल्याच हेतूची तारीख मागं नेऊन दुरुस्त केली, तर हेडक्लार्कनं त्यावर शेरा मारू नये.

“बस,” ते मेहुण्याला म्हणाले. “जेव. आन् कॅम्पात मला बोलताना जरा खणखणीत बोल. बारीक आवाजाचा कमांडर मला चालणार न्हाय.”

मे महिन्यात दोघं एकाच गाडीनं गेले. पंधरा दिवसांनी शाळेच्या पत्त्यावर मला पोस्टकार्ड आलं. सिद्धप्पांच्या मानानं फारच थोडकं, एकाच बाजूचं.

‘कंपनी कमांडर तीन दिवस बादल्या मोजतायत. सतरा कमी आहेत. सगळे हिशेब त्यांच्या गळ्यात, मी आपला मैदानावर. झोप उत्तम. पहिल्या दिवशी सल्यूटला हात उचलताना दगड बांधल्यासारखं झालं. चौथ्या दिवसापासून आपोआप जातो. पण त्यांना अजून जमत नाही. मी सल्यूट मारला की कमांडरसाहेब आधी मागं वळून बघतात, कुणाला मारला म्हणून. हसू आवरत नाही. जवानांसमोर पंचाईत होते. घरी दाखवा.’

मी कार्ड घेऊन शुक्रवार पेठेत गेलो. दाक्षायणीबाईंनी ते दारातच उभ्यानं वाचलं, आणि मागं वळून बघण्याच्या ओळीपाशी परत एकदा आल्या.

“लहानपणापासनं तसाच हाय तो, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “शाळंत मास्तरांनी शाबास म्हटलं, की हात जोडायच्या आदी मागं वळून माझ्याकडं बघायचा.”