मास्तरांचे मणके

"मास्तर, पुन्हा विचारतो," डॉक्टर म्हणाले, "अंगातून कुठून रक्त जातं का?"

"छे हो," शिंपी मास्तर म्हणाले आणि शेजारी बसलेल्या सुनेची नजर चुकवून भिंतीकडे बघत राहिले.

आठवड्यातली ही तिसरी खेप. चाळीस वर्षं मशीनवर वाकून मान गेली, झीज असणार, असंच घरात धरलेलं होतं. पण एमआरआयमध्ये मानेचे सगळे मणके आतून काळपट आले.

"हे कशानंही होतं," डॉक्टर थकल्या आवाजात म्हणाले. "कधी हाडातल्या मगजाचा, म्हणजे जिथं रक्त तयार होतं त्या मज्जेचा, आजार असतो. कधी दुसरीकडची गाठ हाडात उतरते. आणि कधी रक्त फार कमी झालं, की ते भरून काढायला मगज जिवापाड राबतो, तेव्हाही असंच दिसतं. तुमचं हिमोग्लोबिन सात आहे. रक्त जात नसेल, तर उद्या सुई घालून हाडाचा तुकडा काढू. कॅन्सर नाही ना, हे बघायलाच हवं."

मास्तरांनी कपाळावरचा घाम पुसला.

"मामंजी, सांगा ना," सून हळूच म्हणाली.

"काय सांगू?"

"मग मीच सांगते. डॉक्टर, दोन वर्षं झाली, मामंजी पहाटे उठून स्वतःचा पायजमा धुतात. जन्मात कधी रुमाल धुतला नाही या माणसानं! मूळव्याध आहे त्यांना."

मास्तरांचे कान लाल झाले. "तुला ठाऊक होतं?"

"होतं. तुम्हाला लाज वाटेल म्हणून मीही गप्प बसले. माझंही चुकलंच."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "दोघांनीही कमाल केलीत. आता खालच्या मजल्यावर सर्जनना दाखवा. आधी रक्त थांबवू, वाढवू. दोन महिन्यांनी पुन्हा एमआरआय. मणके उजळले तर सुई नको. नाही उजळले तर मात्र टाळायचं नाही."

जिन्यात मास्तर दम खायला थांबले.

"त्या खालच्या डॉक्टरांकडे तू बाहेरच थांब हं."

"थांबते. पण खरं सांगाल?"

"सांगतो बाई."

"अगदी पहिल्यापासूनचं? कधी सुरू झालं, किती जातं, सगळं?"

मास्तर कठडा धरून आणखी एक पायरी उतरले.

"मग आतच ये," ते म्हणाले. "मला एवढं कुठलं आठवायला."