सगळ्यांना हो

"दादा, आधीच सांगते, मी कशालाही हात लावलेला नाही," नोंदणीच्या खिडकीवरची बाई वरून म्हणाली. तो तिच्या टेबलाखाली गुडघ्यांवर बसून नेटवर्कची वायर उपटत होता. प्रत्येक बिघाडाची सुरुवात याच वाक्यानं व्हायची. कॉम्प्युटर आपले आपण आजारी पडतात, असं त्या हॉस्पिटलात सफाईवाल्यापासून डीनपर्यंत सगळ्यांचं ठाम मत होतं.

डॉक्टर त्याला कंपाउंडर म्हणत. कॉम्प्युटरचा कंपाउंडर. कुणीतरी कधीतरी गमतीनं म्हणालं होतं. गंमत वाळून गेली, नाव तेवढं राहिलं. सहीतलं त्याचं खरं नाव कुणाला ओळखू आलं नसतं.

आठवडाभर तो एकाच व्हायरसच्या मागं वणवण करत होता. फोटो, पत्रं, रिपोर्ट यांना हा शिवत नव्हता. क्लिक केल्यावर चालू होणारा प्रोग्राम दिसला, की त्याच्या पोटात शिरून बसायचा. अँटिव्हायरस त्याला हुडकायचा आणि विचारायचा, हे दुरुस्त होत नाही, काढून टाकू? खाली तीन बटणं यायची. हो, नाही आणि सगळ्यांना हो. तो नावं न वाचता तिसरं दाबायचा. प्रोग्राम काय, पुन्हा टाकता येतात. वाचत बसलं असतं तर एकेका मशिनला दिवस गेला असता, आणि तो होता एकटा.

दर वेळी निघताना तो तेच सांगायचा. दुसऱ्याचा पेन ड्राइव्ह लावू नका. अनोळखी मेल उघडू नका. जे जिवाचं आहे ते दोन ठिकाणी ठेवा. लोक माना डोलवायचे. डॉक्टरांनी गोड सोडा म्हटल्यावर डोलवतात तशा.

व्हायरस आणला कुणी, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मोठे सर्जन खिशात पेन ड्राइव्ह घेऊन फिरत आणि दिसेल त्या मशिनला लावत. ऑपरेशनला जाताना हात कोपरापर्यंत घासून घेणारा माणूस, पण पेन ड्राइव्ह म्हणजे मुका जीव, त्याला कसली बाधा! हे त्यांना सांगायचं कुणी? आपला फोन न उचलल्याबद्दल साहेबांनी एका नर्सची बदली करवली होती.

शनिवारी दुपारी त्यांनी त्याला जिन्यातच गाठलं.

"कंपाउंडर, यात माझं भाषण आहे, पेन ड्राइव्हच उघडत नाहीये. सोमवारी सकाळी परिषद आहे. तेवढं नीट करून दे."

संशयाचे पेन ड्राइव्ह तपासायला त्यानं एक जुनं मशिन वेगळं ठेवलं होतं. ते बिलांच्या खात्यानं सकाळीच उचलून नेलं होतं, त्यांचं बंद पडलं म्हणून. तो हे सांगणार होता. पण समोर सर्जनसाहेब होते. याच माणसानं त्याच्या बायकोच्या घशातली गाठ काढली होती, आणि ती जिवंत होती. त्या दिवसापासून या माणसाला नाही म्हणायला त्याची जीभ उचलत नसे.

"हो साहेब," तो म्हणाला, आणि पेन ड्राइव्ह घरी घेऊन गेला.

गाठीबरोबर तिचा आवाजही गेला होता. गळ्याला भोक, त्यावर मऊ कापड. हे होणार हे आधीच सांगितलेलं होतं, म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यानं तिला माइकसमोर बसवलं. रोज लागतील अशी वाक्यं सांग म्हणाला. चहा ठेवलाय. आधी पाय पुसा. अहो, ऐकलं का. बास झाला आता तो टीव्ही. मग ती म्हणाली, "टोमणेपण घेऊन ठेवा, पुढं कुठून आणू?" मला सगळं कळतं, मी काही आज आलेली नाही, हे तिनं इतक्या झोकात म्हटलं की तिचं तिलाच हसू आलं. ते हसूही त्या वाक्याच्या शेपटाला तसंच राहिलं.

तिला माउस जमेना, म्हणून त्यानं एकेका वाक्याचा छोटा प्रोग्राम केला आणि एकेका बटणाला जोडला. लांब वायरचा कीबोर्ड स्वयंपाकघराच्या ओट्यावर, बटणांवर रंगीत टिकल्या. ती पिठाच्या हातानं बटण दाबायची आणि बाहेरच्या खोलीतून तिचाच आवाज यायचा. भांडणात तर ती एकच बटण इतक्यांदा दाबायची की शेजारीण हसायची. पाच वर्षं हा संसार असा बोलता राहिला होता.

शनिवारी संध्याकाळी त्यानं साहेबांचा पेन ड्राइव्ह घरच्या मशिनला लावला. अँटिव्हायरस आहे की, पकडेल. पण त्याची मुदत कधीच संपलेली होती. हॉस्पिटलातल्या प्रत्येक मशिनची मुदत त्याला तोंडपाठ, आणि घरच्याची आज करू, उद्या करू. पडद्यावर एक काळी चौकट उघडून मिटली, म्हणजे व्हायरस आत शिरला. त्यानं पेन ड्राइव्ह उपटला, अँटिव्हायरस ताजा केला, पुन्हा लावला आणि दोन्हींची तपासणी सुरू केली. नावं भराभर खाली सरकू लागली. दिवसभराचे डोळे, दिवसभराची बोटं. दुरुस्त होत नाही, काढून टाकू?

त्यानं तिसरं बटण दाबलं.

भाषण शाबूत राहिलं. एक अक्षर इकडचं तिकडं झालं नाही. त्यानं पेन ड्राइव्ह धुवून पुसून ठेवावा तसा कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात घातला.

स्वयंपाकघरात टक् असा आवाज झाला. मग पुन्हा टक्. मग टक् टक् टक्. ती पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली, आणि तेव्हा त्याला कळलं की आपण काय काढून टाकलं.

दुसरी प्रत होती. त्याच मशिनच्या त्याच डिस्कवर, शेजारच्या फोल्डरमध्ये. जगाला दोन ठिकाणी ठेवा सांगत फिरणाऱ्यानं एकाच घराच्या दोन कोनाड्यांत ठेवलं होतं. मूळ रेकॉर्डिंग त्यानं जागा भरते म्हणून तेव्हाच पुसलेलं. रविवार त्यानं पुसलेलं परत आणायच्या खटपटीत घालवला. काही नावं परत आली. उघडली तर नुसती खरखर.

त्यानं तिला खरं ते सांगितलं. साहेबांचा पेन ड्राइव्ह, मुदत, बटण, सगळं. ती रडली नाही, आदळआपट केली नाही. खरखर एकदा शेवटपर्यंत ऐकली आणि मग त्याच्याकडे बघत काहीतरी म्हणाली. ओठ हलले, गळ्यावरचं कापड थरथरलं. त्याला काही कळलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. तरी नाही. बटणं होती तेव्हा तिच्या तोंडाकडे बघायची त्याच्यावर वेळच आली नव्हती. तो पाठमोरा बसून पेपर वाचत ऐकायचा.

"हो," तो म्हणाला, उगाच.

तिनं ओळखलं, की याला कळलेलं नाही. ती आत गेली.

सोमवारी सकाळी त्यानं लिफ्टजवळ सर्जनसाहेबांच्या हातात पेन ड्राइव्ह ठेवला. साहेब खुशीत होते. भाषण मिळालं होतं, सूट नवा होता.

"शाबास. आणि काय, बायको काय म्हणते?"

ज्या माणसानं हा प्रश्न विचारायचा नव्हता, त्यानंच विचारला होता.

"काही नाही म्हणत, साहेब."

"काही म्हणत नाही? मग नशीबवान आहेस लेका." साहेब मोठ्यानं हसले. लिफ्टमधले दोघे शिकाऊ डॉक्टरही हसले, हसायलाच हवं होतं.

"पाच वर्षांपूर्वी तिचं ऑपरेशन तुम्हीच केलं होतं," तो म्हणाला. "स्वरयंत्र काढलंत."

साहेबांनी भुवया ताणल्या. आठवण्याचा प्रयत्न केला, खोटं कशाला बोला, प्रामाणिकपणे केला. असे गळे त्यांच्या हाताखालून किती गेले असतील.

"हो का? पाच वर्षं झाली ना मग? म्हणजे ठणठणीत बरी आहे की ती," ते म्हणाले, आणि दार मिटलं.

संतापून काही उपयोग नव्हता, कारण ते खरं होतं. ती बरी होती.

संध्याकाळी घरी आल्यावर तो बाहेरच्या खोलीत थांबला नाही. खुर्ची उचलून थेट स्वयंपाकघरात नेली आणि दिव्याचा उजेड तिच्या तोंडावर पडेल अशा बेतानं ओट्यासमोर मांडली. ती कणीक मळत होती. मळता मळता तिनं मान वर केली आणि काहीतरी म्हणाली.

तो पुढं वाकला.

"परत म्हण," तो म्हणाला.