सोळा मुके फोन

त्या रविवारी सकाळी हॉलमध्ये सत्तेचाळीस फोन होते. दीप्तीने ते दोनदा मोजले. एकतीस बोलले, सोळा मुके राहिले. शिवाय व्यासपीठावर दोन मोठे स्पीकर, एक समई, रवींद्रचा हार घातलेला फोटो आणि अनाहतबुवा.

फोन बोलले म्हणजे काय, ते सांगायला हवे. वर्तकनगरच्या त्या कॉलनीत बुवा दर रविवारी ‘नादपरीक्षा’ घेत. घरच्यांनी मेलेल्या माणसाचे जुने व्हिडिओ आणि व्हॉइस नोट बुवांकडे द्यायच्या. बुवा आठवडाभर त्यांची ‘शुद्धी’ करायचे आणि एक व्हिडिओ परिवाराच्या ग्रुपवर टाकायचे. पडद्यावर ज्योत, मागे तंबोरा, आणि तंबोऱ्यातून मेलेल्याचा आवाज. मात्र तो सगळ्यांना ऐकू येत नसे. प्रत्येकाने पुढे येऊन आपापल्या फोनवर तोच व्हिडिओ मोठ्याने लावायचा. मन निर्मळ असेल तर आवाज. मनात पाप असेल तर नुसता तंबोरा.

“आत्म्याचा फॉरमॅट वेगळा असतो, माउली!” बुवा माइकवर गरजत होते. “पापी हार्डवेअरला तो सपोर्ट करत नाही. अंतःकरण अपडेट करा, अपडेट!”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

मालनकाकू पुढे आल्या. त्यांच्या हातात त्यांच्या मुलाचा, रवींद्रचाच फोन होता. तो कोलशेतच्या कारखान्यातून येताना अपघातात गेला, त्याला वर्ष होत आले होते. व्हिडिओ सुरू झाला आणि कुठून येतोय ते कळू नये असा, हवेत तरंगणारा आवाज आला, “आई, मी इथंच आहे. काळजी करू नको.”

काकूंनी तोंडाला पदर लावला. सगळा हॉल हुंदके देऊ लागला.

मग सून आली, रसिका. तिचा फोन जुना, कडेला रबरबँड लावलेला. तंबोरा वाजला. तंबोराच वाजत राहिला.

“नवऱ्यानं मौन धरलंय,” बुवा हळू आवाजात म्हणाले. पहिल्या दिवशी “यांचा आवाज आणला कुठून?” असे विचारणारी रसिका एकटीच होती, हे ते विसरले नव्हते. “पुढच्या रविवारी शेवटची परीक्षा. तेव्हाही मौन असेल, तर सूनबाईंनी मुरबाडला माहेरी जावं. पोर इथं राहील. बापाचा आवाज तिला याच घरात मिळेल.”

पाच वर्षांची सान्वी आजीच्या मांडीवर बिस्किट खात होती.

त्यांच्या शेजारी राहणारी दीप्ती उठली. “वहिनींना हेडफोन लावून ऐकू द्या ना एकदा.”

“हेडफोन वर्ज्य! नाद उघड्या हवेतून आला पाहिजे!”

“का पण?”

“ए शहाणे, बस खाली!” सोसायटीचे सेक्रेटरी महिपत ओरडले. “एमएस्सी केलीस म्हणजे देवाला प्रश्न विचारणार का?”

“हिच्या घरात हे काही मानतच नाहीत,” मागून एक बाई म्हणाली. “बाहेर काढा तिला!”

कुणीतरी खरेच दीप्तीचा दंड धरला. ती बाहेर आली, तेव्हा जिन्यात कॉलनीतलेच धोंडिबा भेटले. ते खुशीत होते. “मी पण महिनाभर मुकाच होतो गं! पोराने नवीन फोन दिला आणि पाप फिटलं बघ.”

दीप्ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.

सोमवारी दुपारी रसिका तिच्याकडे आली. “माझ्या फोनवर चालेल असं करून दे ना. कन्व्हर्ट का काय म्हणतात ते.” मग खाली बघत तिने विचारले, “खरंच रागावलेत का गं ते माझ्यावर?”

दीप्तीने लॅपटॉप उघडला. मूळ व्हिडिओ लावताच रवींद्रचा आवाज आला. रसिकाने टेबलाची कड घट्ट धरली.

दीप्तीने काळ्या खिडकीत कमांड लिहिली. उत्तर आले, अशी फाइलच नाही. नाव होते ‘रवींद्र अंतिम संदेश’, आणि शब्दांमधल्या मोकळ्या जागांमुळे कमांड पहिल्याच शब्दावर अडखळत होती. नाव अवतरणचिन्हांत घातल्यावर काम सुरू झाले. जुन्या फोनला झेपावी म्हणून तिने एकदम तीन बदल केले: चित्र लहान, आवाजाचा साचा जुना, आवाजाच्या डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांची एक. फाइल तयार झाली. लावली, तर नुसता तंबोरा.

“बघ,” रसिका पुटपुटली. “माझ्यासाठी केलीस आणि गेले ते.”

“थांबा वहिनी. याच लॅपटॉपवर आत्ता बोलत होते ना? मग पाप लॅपटॉपचं नाही. मी तीन गोष्टी बदलल्या. आता एकेक बदलून बघू.”

फक्त चित्र लहान केले, आवाज होता. फक्त साचा बदलला, तरी होता. दोन वाहिन्यांची एक केली, आणि रवींद्र गप्प झाला.

दीप्तीने दोन्ही वाहिन्यांच्या लाटा पडद्यावर मोठ्या करून पाहिल्या. तंबोरा दोन्हीकडे सारखा होता. रवींद्रचा आवाज मात्र डावीकडे जिथे वर जाई, तिथे उजवीकडे तेवढाच खाली.

“वहिनी, एक दार आतून तुम्ही ढकललं आणि बाहेरून मी, तेवढ्याच जोराने. काय होईल?”

“काही नाही. हलणारच नाही.”

“तसंच आहे हे. आवाज एकीकडे सरळ भरलाय, दुसरीकडे उलटा. दोन स्पीकरच्या फोनवर दोन्ही वेगवेगळे निघतात, म्हणून ऐकू येतो. तुमच्या फोनला स्पीकर एकच. तो दोन्ही बाजू मिसळतो आणि आवाज मरतो. हेडफोन लावला असता तर तुमच्या याच फोनवर ऐकू आला असता. म्हणून वर्ज्य!”

रसिकाने पिशवीतून हेडफोन काढला, फोनला जोडला आणि ऐकले. “बोलतायत,” ती म्हणाली.

मग दीप्तीने उलटा हिशेब केला. डावीतून उजवी वजा. जे सारखे होते ते उडाले, म्हणजे तंबोरा गेला. उरला रवींद्र, आणि त्याच्या मागे तंबोऱ्याने आजवर झाकलेले आणखी काहीतरी. रसिका ताडकन उभी राहिली.

पुढच्या रविवारी हॉल ओसंडत होता. फोन बावन्न. बुवांच्या फाइलवर चौतीस बोलले, अठरा मुके. रसिकाचा फोन मुक्यांतच.

“जा बाई आता,” बुवा म्हणाले. महिपतांनी सान्वीला रसिकाच्या हातातून ओढून घेतले.

दीप्तीने माइक उचलला. कुणीतरी वायर उपटली. “खेचा तिला खाली!” मागून चप्पल आली आणि समईला लागली.

“वहिनी, टाका!” दीप्ती ओरडली.

रसिकाने ग्रुपवर फाइल टाकली. बावन्न फोन एकामागून एक टणत्कारले. बुवा “उघडू नका, करणी आहे ती!” म्हणेपर्यंत पंधरावीस जणांनी उघडली होती, पापी ठरलेल्यांनी सर्वांत आधी. तंबोरा नव्हता. स्वच्छ आवाज होता, “आई, मी इथंच आहे,” आणि त्यामागे रिक्षाचा कर्कश हॉर्न, ढोल, आणि “ओ भाऊ, बाजूला घ्या!”



“मोक्षाला मीटरची रिक्षा जाते काय हो, बुवा?” धोंडिबांनी विचारले.

“नवरात्रातली व्हॉइस नोट आहे ही,” रसिका म्हणाली. आवाज कापत होता, पण सर्वांना ऐकू जात होता. “टेंभी नाक्यावरून पाठवलेली. ‘आई, मी इथंच आहे, टेंभी नाक्यावर, गर्दीत अडकलोय. काळजी करू नको, जेवूनच येतो.’ मधलं आणि शेवटचं या बुवांनी कापलं. आई, तुम्हीच दिलेल्या ना नोट यांना?”

मालनकाकूंनी फोन कानाशी धरला होता. त्यांनी तो परत लावला. तिसऱ्यांदा लावला.

“जेवून आलेला त्या दिवशी,” त्या म्हणाल्या. “थालीपीठ तसंच राहिलं.” मग त्या उठल्या, महिपतांच्या हातातून सान्वीला घेतले आणि रसिकाच्या कडेवर दिले.

“आत्म्याची विटंबना!” बुवा किंचाळले. “हिला पापाची फळं...”

“पाप नाही, स्पीकर,” दीप्ती म्हणाली. “मुक्या फोनना हेडफोन लावून बुवांचीच फाइल ऐका. माझ्यावरही विश्वास ठेवू नका, स्वतः करून बघा. एवढंच मागते, की माणसाला घराबाहेर काढण्याआधी तीच गोष्ट दुसऱ्या फोनवर लावून बघत जा.”

“मोठी आली शिकवणारी,” महिपत गुरगुरले. पण त्यांचा अंगठा पडद्यावर होता.

रसिकाचा हेडफोन मुक्या फोनांवरून हातोहात फिरू लागला. दीप्तीने दारापासून सुरुवात केली आणि रांगेने मोजत गेली.

फोन बावन्न. बोलले बावन्न. मुके शून्य.